पहिल्या रांगेतला भात

आमच्या चिंगशा बंदरात आ-बानला न घाबरणारा माणूस अजून जन्मायचाय. बर्फकारखान्यात सिनेमा चालू असताना कुणी कुजबुजलं, की हिच्या हातातली बॅटरी थेट त्याच्या नाकावर. एकदा खुद्द ओंग मास्तर, म्हणजे आमच्या समितीचे अध्यक्ष, फोनवर कुणाला तरी माशाचा भाव सांगत होते. तिने त्यांना शाळकरी पोरासारखं उठवून दाराबाहेर काढलं. "मास्तर, वर्गात बोलायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत ना?" मास्तर बिचारे उरलेला सिनेमा दारातून उभ्याने बघत राहिले.

बर्फकारखान्यात बर्फ बनणं बंद होऊन जमाना झाला. मच्छीमारांच्या संस्थेने तो गावाला देऊन टाकला. आता तिथे शनिवारी संध्याकाळी सिनेमा असतो आणि रविवारी सकाळी पोराबाळांसकट सगळ्या घराने बघायचं बाहुल्यांचं नाटक. भिंती हातभर जाड, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही आत गार. दारावर 'कलागृह' अशी पाटी लावलीय, पण ती फक्त बाहेरगावचे लोक वाचतात. मी तिथे तिकीटखिडकीवर बसते. आधी मासळीबाजारात काट्यावर बसायचे. कामात फरक एवढाच, की मासे हुज्जत घालत नाहीत.

आ-बानचे वडील बाहुलीवाले. देवळासमोर फळ्यांचा छोटासा रंगमंच उभारायचे आणि हातात घालायच्या बाहुल्या नाचवत गावोगाव फिरायचे. आई लवकर गेली, तेव्हा धाकटा आ-होक रांगतसुद्धा नव्हता. आ-बानने त्याला पाठीवर बांधला आणि दोन्ही हातांत बाहुल्या घातल्या. तो असा खेळाच्या मागे लोंबकळतच मोठा झाला. त्याचा हात बाहुलीत नीट बसायला लागला तसा बापाने त्याला वाघ दिला. आ-बानकडे टोफू विकणारी म्हातारी. म्हातारी वाघाला टोफूची चटक लावते आणि त्याच्याकडून बाजारात पाट्या वाहून घेते, एवढीच गोष्ट. पण ही बहीणभावंडं त्यात रोज नवं भांडण काढायची.

"मेल्या, किती उशीर!" म्हातारी ओरडायची.

"तुझा टोफू आंबलाय, लवकर येऊन काय करू?" वाघ म्हणायचा.

बाहुल्यांचं भांडण कुठे संपतं आणि पडद्यामागचं खरं कुठे सुरू होतं, ते बापालाही कळायचं नाही. लोक पोट धरून हसायचे. मीही हसलेय. आ-होकच्या डाव्या भुवईवर व्रण होता, तो माझ्या काट्याच्या वजनावर आपटल्याचा. पळून पळून वाघाची तालीम करायचं कार्टं.

बाप गेला आणि खेळ कमी झाले. आ-होक म्हणाला, मी बोटीवर जातो. आ-बानने अबोला धरला, पण तो कसला ऐकतोय. बरं, एकटा गेला असता तर गोष्ट वेगळी. त्याने गावातल्या आणखी चार पोरांना भरीला घातलं. लांब समुद्रात टूना पकडायला जाणारी बोट होती. निघताना बहिणीला म्हणाला, "ताई, वाघ पेटीत नीट ठेव. त्याला वाळवी लागली तर बघ." त्यावरही ती बोलली नाही.

बोट परत आली नाही. हिंदी महासागरात बुडाली, एकही माणूस वाचला नाही, असा निरोप आला. पाच घरांनी एकाच दिवशी किनाऱ्यावर बांबूंना पोरांचे सदरे बांधले आणि त्यांच्या आत्म्यांना हाका मारून घरी बोलावलं. आ-होकच्या नावाची लाकडी पाटी घरच्या देव्हाऱ्यात बापाच्या पाटीशेजारी बसली. आ-बानने लग्न केलं नाही. विचारायला आलेल्या दोघांना तिने दारातूनच वाटेला लावलं.

पुढे बर्फकारखान्यात रविवारचा खेळ तिने एकटीनेच सुरू केला. म्हातारी असते, टोफू असतो, वाघ मात्र पेटीत. पोरं दर वेळी विचारतात, "आजी, वाघ कुठाय?" म्हातारी कमरेवर हात ठेवून सांगते, "जेवायला गेलाय. येईल." वीसेक वर्षं तेच उत्तर. मोठी माणसं तेवढ्यापुरती जमिनीकडे बघतात.

आता सातव्या महिन्याचं. त्या महिन्यात मेलेल्यांना सुट्टी असते, आणि त्यांनाही करमणूक लागते. म्हणून पहिली रांग त्यांची. खुर्च्या ओल्या फडक्याने पुसायच्या, एक पंखा त्यांच्याकडे वळवायचा आणि रांग मोकळी सोडायची. त्यांना भूत म्हणायचं नाही, 'चांगले भाऊ' म्हणायचं. नाव घेऊन हाक मारायची नाही, खांद्यावर हात ठेवायचा नाही. चेहरा दिसलाच तर दिसला नाही असं वागायचं. नाहीतर ते मागोमाग घरी येतात आणि घरातलं कुणीतरी घेऊन जातात. सिनेमा संपला की आपण मागे न बघता बाहेर पडायचं आणि दार उघडं ठेवायचं, कारण पहिली रांग शेवटी उठते. हे आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. आ-होकबरोबर गेलेल्या चौघांच्या आया दरवर्षी दुसऱ्या रांगेत बसतात, आपापल्या पोरांच्या मागे.

त्या शनिवारी विनोदी सिनेमा होता. गर्दी चांगली होती. दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला, मी गल्ला आवरत होते. तेवढ्यात खिडकीशी कुणीतरी आलं. मान वर केली तर बल्बच्या उजेडात आ-होक उभा.

वाळलेला, काळवंडलेला, कानशिलावर पांढरे केस. भुवईवर माझ्या वजनाचा व्रण. त्याने नोट पुढे केली आणि म्हणाला, "एक द्या."

मेलेल्याला तिकीट द्यायचं नसतं आणि त्याच्याकडून पैसे तर मुळीच घ्यायचे नसतात, सकाळी गल्ल्यात राख नाहीतर वाळकी पानं सापडतात. मी डोळे गच्च मिटले आणि समुद्रदेवीचं नाव घेत बसले. उघडले तेव्हा खिडकीत कुणी नव्हतं, नोट तेवढी होती. मी ती कागदाने ढकलून बाहेर पाडली. मेलेली माणसं म्हातारी होत नाहीत, त्यांचे केस पांढरे कसे होतील, एवढं साधं मला सुचू नये? पण भीतीपुढे अक्कल चालत नाही.

दाराच्या फटीतून पाहिलं. तो सरळ पुढे गेला आणि पहिल्या रांगेत मधोमध बसला. दुसऱ्या रांगेतल्या एकीने त्याला ओळखलं. तिने शेजारणीचा हात धरला, त्या शेजारणीने पलीकडचीचा. चौघीही पडद्याकडे बघत बसल्या, मान ताठ. हळूहळू ते मागे मागे पसरत गेलं. कुणी बोललं नाही, पण सगळ्या कारखान्याला कळलं. विनोदी सिनेमा, आणि माणसं मूर्तीसारखी. हसत होता फक्त तो. पहिल्या रांगेतून ते हसू आलं तेव्हा माझ्या अंगावर असा काटा आला, की मी खिडकीची कडी लावून घेतली.

आ-बान बाजूला उभी होती. तिची बॅटरी त्याच्या गुडघ्यांवर पडली. मग छातीवर. मग चेहऱ्यावर. तो उजेडात डोळे बारीक करून तिच्याकडे बघायला लागला. उजेड विझला.

ती रंगमंचामागे गेली. तिथे बाहुल्यांच्या देवाचा छोटा देव्हारा आहे. त्या महिन्यात ती भावासाठी घरून भात घेऊन येते. तोच वाडगा तिने आणला. भातात उदबत्ती उभी खोचलेली, बाजूला जेवायच्या काड्या. तिने स्टूल त्याच्यासमोर ठेवलं, स्टुलावर वाडगा ठेवला, हात जोडून तीनदा वाकली आणि मान वर न करता मागे सरकत निघून गेली.

पुढे त्याने काय केलं, ते मी पाहिलं नाही. आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं ना.

सिनेमा संपल्यावर सगळे रिवाजाप्रमाणे मागे न बघता बाहेर पडले. आ-बानने रस्त्यावर माझे दोन्ही हात धरले. रडत होती, पण तोंडभर हसत होती.

"कुई, पाहिलास?"

"नाव घेऊ नकोस हं!"

"नाही घेत. पण आला गं. इतक्या वर्षांनी जेवायला आला." तिने नाक पुसलं. "किती वाळलाय. समुद्राखाली काय मिळत असेल खायला?"

इतकी खूश मी तिला जन्मात पाहिली नव्हती. मलाही बरं वाटलं. माझं भय गेलं नव्हतं, पण बरं वाटलं.

सकाळी मी खिडकी उघडायला गेले तर माझी कालची नोट गटाराच्या जाळीवर अडकली होती. ओली झालेली, पण नोटच. राख नाही, पानं नाहीत. मी तिच्याकडे बघत उभी होते, तेवढ्यात आतून आ-बानने हाक मारली.

ती पहिल्या रांगेपाशी उभी होती. स्टुलावर वाडगा. वाडग्यात भाताचं एक शीत नव्हतं. उदबत्ती उपटून बाजूला ठेवलेली, काड्या वाडग्यावर आडव्या, अगदी सरळ.

"मांजर असेल," मी म्हटलं.

"मांजर उदबत्ती काढून ठेवतं?"

"मग ते चांगले भाऊ..."

"कुई, ते वास घेतात. भात तसाच राहतो. तू-मी मागून खातो तो." ती वाडग्यात बघत होती. "बाबा म्हणायचे, शितं टाकलीस तर तोंडभर देवीचे वण असलेली बायको मिळेल. तेव्हापासून हा असाच वाडगा लख्ख करायचा. असाच."

मी हातातली नोट तिला दाखवली. दोघींनाही कळलं होतं. तेवढ्यात खिडकीशी टकटक झाली. मी जाऊन पाहिलं. लवकर आलेला कुलेले. हा डोंगरातल्या गावचा. आमच्याकडे बस चालवायला लागून वर्ष झालं असेल. तो चर्चमध्ये जातो, त्याला सातवा महिना आणि आठवा महिना सारखाच. दर रविवारी पहाटेची फेरी उरकून लेकीला खेळाला आणतो.

"कुई मावशी, दोन द्या. आणि मला सांगा, तुमच्या गावात माणसं माणसांशी बोलत नाहीत का हो?"

"का रे?"

"पहाटेच्या बसला एक जण होता. सगळा रस्ता माझ्यामागे बसून बोलत होता. म्हणाला, भाऊ, तू तरी बोलतोयस. काल संध्याकाळपासून कुणी बोललं नाही माझ्याशी."

आ-बान माझ्यामागे येऊन उभी राहिली. हातात वाडगा. "काय म्हणाला तो? जसंच्या तसं सांग."

कुलेले तिचा चेहरा बघून गडबडला. "तो म्हणाला... माझ्या बहिणीने माझ्यापुढे मेलेल्याचं पान वाढलं. हात जोडले आणि गेली. मागे त्या पोरांच्या आया होत्या, त्यांनीही तोंडं फिरवली. म्हणाला, बरोबरच केलं त्यांनी. पोरांना मीच नेलं होतं. कप्तानाशी भांडून मी आधीच्या बंदरात उतरलो, ते चौघे पुढे गेले आणि बुडाले. मग कुठल्या तोंडाने घरी येणार होतो?"

"मग आत्ता कशाला आला?" हे मी विचारलं.

"मीपण तेच विचारलं. तर म्हणे, माझं जहाज काओश्युंगच्या मोठ्या बंदराला लागलं होतं. वाटलं, एकदा जाऊन ताईच्या शिव्या खाव्यात. तिने शिव्या घातल्या तर राहायचं, असं ठरवून आलो होतो."

कुलेलेची पोरगी त्याचा सदरा ओढत होती.

"आणि तो भात?" आ-बानने विचारलं.

"तो खाल्ला म्हणाला. मी म्हटलं, असला भात कशाला खाल्लात? तर म्हणाला, ताईच्या हातचा होता."

मी माझ्या स्टुलावर बसले. एका माणसाला सगळ्या गावाने मिळून जिवंतपणी पुरलं होतं, आणि कशाने, तर मायेने. तिने राग म्हणून तो भात ठेवला असता तर मी तिला दोन शब्द बोलले असते. तिने तो उपाशी जाऊ नये म्हणून ठेवला होता. आणि त्या दिवट्याचीही कमाल, एकदा "ताई" म्हणायला काय झालं होतं? पहिल्या रांगेत बसू नये हे विसरला होता, की मुद्दाम त्या चौघांशेजारी जाऊन बसला, ते देवच जाणे.

आ-बानने वाडगा माझ्या खिडकीत ठेवला. "कुलेले, गाडी काढ."

बाहेर आईबाप पोरांना घेऊन जमायला लागले होते. ओंग मास्तर धावत आले. "अगं, खेळाचं काय? माणसं आलीत!"

"तुम्ही व्हा वाघ," ती म्हणाली आणि निघाली.

मीही गेले. काओश्युंगच्या बंदरावर फाटकावरच्या माणसाने विचारलं, जहाजाचं नाव काय? माहीत नाही. कुठल्या देशाचं? माहीत नाही. तो वाईट नव्हता, त्याने दोन-तीन फोनही केले. मग म्हणाला, "मावशी, सकाळपासून कितीतरी जहाजं सुटलीत. कुठलं म्हणून सांगू?"

आ-बान धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली. आम्ही मागे. समोर पाणी, दूरवर दोन-तीन जहाजं निघालेली. आणि तिने हाक मारली.

"तान बिंग-होक! आ-होक! मेल्या, परत ये!"

सातवा महिना, समोर समुद्र, आणि पूर्ण नाव घेऊन हाक. गळ टाकून बसलेल्या माणसांनी भराभरा दोऱ्या गुंडाळल्या आणि काढता पाय घेतला. मी तिच्या तोंडावर हात ठेवायला गेले. तिने तो झटकला.

"काल उघडायचं होतंस हे तोंड! काल मी गप्प होते तेव्हा कुठे होतीस?"

मग तिने त्याला शिव्या घातल्या. वीस वर्षांच्या साठवलेल्या. म्हातारीच्या आवाजात, स्वतःच्या आवाजात, घसा बसेपर्यंत. कुलेले टोपी काढून उभा होता. शेवटी तिचा आवाज निघेना तेव्हा मी ओरडले. मलाही त्याचं नाव घेता येत होतं की.

तो आला नाही. अजूनही आलेला नाही.

पुजारी म्हणाला, एकदा आत्म्याला बोलावून बसवलं की पाटी काढता येत नाही. आ-बान म्हणाली, जिवंत माणसाचा आत्मा बोलावलात तेव्हा कसं चाललं? तिने पाटी उचलली आणि पेटीत वाघाखाली ठेवून दिली. त्या चौघींपैकी सर्वांत थोरली एके दिवशी तिच्याकडे आली. दारातच म्हणाली, "राग होता माझा त्याच्यावर. अजूनही आहे. पण माझ्या पोराचं शेवटचं त्याला विचारायचं होतं गं. दोन हातांवर बसला होता." आणि दोघी चहा न पिताच बसून राहिल्या.

आता सातव्या महिन्यातही मी खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघते, पैसे घेते, तिकीट देते. आणि दिवे मालवायच्या आधी आ-बान पहिल्या रांगेत जाते. एकेका खुर्चीवर बॅटरी धरते आणि त्या तिच्या खडूस आवाजात विचारते, "जेवलास का रे?" थोडं थांबते. मग पुढची खुर्ची.

पहिल्यांदा तिने हे केलं तेव्हा अर्धी माणसं उठून गेली. ओंग मास्तर घामाघूम झाले. "आ-बान, हे बरं नाही. घरापर्यंत येतील ते मागोमाग."

"येऊ देत. भात आहे माझ्याकडे."

परवाच्या शनिवारी मागून कुठल्याशा पोराने मोठ्याने विचारलं, "आजी, वाघ कुठाय?" रविवारचं नाटक आणि शनिवारचा सिनेमा यांतला फरक अजून कळत नसेल त्याला. आईने त्याचं तोंड दाबलं.

आ-बान वळली. "आला होता, बाळा," ती म्हणाली. "मीच बोलले नाही त्याच्याशी."

माझा हात दिव्याच्या बटणावर होता. मी दिवे मालवले नाहीत. अजून दोन खुर्च्या राहिल्या होत्या.